पाणवनस्पती ओळखणं, वाळवणं आणि जुन्या हर्बेरियमचं डिजिटायझेशन: पहिल्यांदाच करणाऱ्यांसाठी

महाराष्ट्रातल्या बऱ्याच जुन्या कॉलेजांत वनस्पतिशास्त्र विभागाच्या कोपऱ्यात एक लोखंडी कपाट असतं. दार उघडलं की डांबरगोळ्यांचा वास येतो, आणि आत पिवळ्या पडलेल्या फोल्डरांमध्ये वाळवलेल्या वनस्पती असतात. हा संग्रह म्हणजे हर्बेरियम. त्यातला पाणवनस्पतींचा गठ्ठा बहुतेक वेळा सगळ्यात बारीक आणि सगळ्यात वाईट अवस्थेतला. चिखलात उतरायची तयारी थोड्यांची असते, आणि उतरून आणलेली हायड्रिला, म्हणजे पाण्याखाली वाढणारी नाजूक वनस्पती, नीट वाळवली नाही तर कागदावर काळपट चुरा तेवढा उरतो.

हा लेख दोन कामांसाठी आहे. तळ्यातल्या वनस्पती ओळखून त्यांचे नमुने करणं हे पहिलं, आणि कपाटात आधीच असलेल्या शीटांची, म्हणजे वाळलेली वनस्पती आणि लेबल चिकटवलेल्या कागदांची, डिजिटल नोंद करणं हे दुसरं. दोन्ही कामं एकाच माणसानं करावीत असं माझं ठाम मत आहे. पाण्यातली वनस्पती वाळली की तिची निम्मी ओळख जाते: रंग, फुगीरपणा, पानं तरंगत होती की बुडालेली, फूल सकाळी उघडं होतं की रात्री. हे सगळं पुढे फक्त लेबलावर उरतं. ज्यानं शेकडो जुनी लेबलं बसून टाइप केली आहेत तो स्वतःच्या लेबलावर नुसतं ‘कोल्हापूरजवळ’ लिहून थांबत नाही.

निघण्याआधी

परवानगीपासून सुरुवात करा. अभयारण्य किंवा संरक्षित जंगलाच्या हद्दीत वनखात्याच्या लेखी परवानगीशिवाय काडीही उचलायची नाही. नांदूर मधमेश्वर हे रामसर स्थळ (आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा) आहे आणि अभयारण्यही. कास पठार जागतिक वारशाच्या यादीत आहे. गावतळं असेल तर ग्रामपंचायतीला आणि तिथं मासेमारीचा ठेका असलेल्या संस्थेला आधी सांगा. संशोधनासाठी नमुने घेणार असाल तर जैवविविधता कायद्याखाली काय लागतं ते विभागप्रमुखांकडून आणि राज्य जैवविविधता मंडळाकडून विचारून घ्या.

एकट्यानं पाण्यात उतरू नका. पावसाळ्यात कोकणात लेप्टो तापाची भीती खरी आहे, त्यामुळे पायाला जखम असेल तर काठावरच थांबा आणि लांब दांड्याचा दाताळा वापरा. दोरीला बांधलेला छोटा आकडाही चालतो. खोल पाण्यातलं काही हवं असेल तर होडीवाल्या मच्छीमाराला सोबत घ्या. पाण्याचा तळ त्याच्याइतका कोणालाच ठाऊक नसतो.

एका तळ्यातून दुसऱ्या तळ्याकडे जाण्याआधी बूट, जाळी, दाताळा धुऊन वाळवा. हायड्रिलाचा किंवा साल्विनिया या तरंगणाऱ्या नेच्याचा तुकडा चिकटून गेला तर तेवढ्यावर नव्या तळ्यात वाढ सुरू होते. जलपर्णीनं पंचगंगेचं आणि मुळा-मुठेचं काय केलं ते सगळ्यांनी पाहिलंय.

हंगामाचं गणित जागेप्रमाणे बदलतं. सड्यांवरची, म्हणजे कातळपठारांवरची डबकी ऑगस्टअखेर ते ऑक्टोबर. गावतळी आणि धरणांचे फुगवटे ऑक्टोबर ते जानेवारी. धबधब्यांच्या आणि खळाळत्या ओढ्यांच्या खडकांना चिकटून वाढणाऱ्या पोडोस्टेमेसी कुळातल्या वनस्पती पाणी उतरून खडक उघडा पडू लागला की फुलतात, म्हणून त्यांच्यासाठी हिवाळ्याची सुरुवात गाठावी लागते.

पहिली पायरी: काठावर उभं राहून वाढीची तऱ्हा लिहा

हात ओले करण्याआधी दहा मिनिटं नुसतं बघा. पाणवनस्पतींची पहिली वाटणी कुळावरून करत नाहीत, पाण्याशी असलेल्या नात्यावरून करतात. मुळं कशालाच न धरता तरंगणाऱ्या, जशा जलपर्णी, पिस्टिया, अझोला, लेम्ना. मुळं तळाशी आणि पानं पृष्ठभागावर असलेल्या, जशा कुमुदिनी आणि शिंगाडा. पूर्ण बुडालेल्या, जशा हायड्रिला, व्हॅलिस्नेरिया, नाजास. मुळं पाण्यात आणि खोड-पानं हवेत उभी असलेल्या, जसं पाणकणीस. आणि शेवटी काठच्या चिखलातल्या, ज्यांत ब्राह्मी, तालिमखाना, लव्हाळ्याचे कितीतरी प्रकार येतात.

ही वाटणी सोयीची आहे, नातेसंबंध सांगणारी नाही. लेम्ना आणि अझोला एकाच डबक्यात शेजारी तरंगतात, पण लेम्ना सपुष्प आहे आणि अझोला नेचा आहे. एकच वनस्पती दोन गटांतही दिसते. मार्सिलियाची चार पाकळ्यांसारखी पानं पाणी असताना तरंगतात आणि पाणी आटलं की ताठ उभी राहतात. म्हणून ‘कोणता गट’ एवढ्यावर न थांबता ‘आज, या पाण्यात, कशी होती’ ते लिहा. पाण्याची खोली, वाहतं की साचलेलं, तळ चिखलाचा, वाळूचा की कातळाचा, गढूळपणा. वाळलेली शीट यातलं काहीही सांगणार नाही.

दुसरी पायरी: फसवणाऱ्या जोड्या

नवख्यांची सगळ्यात जास्त फसगत बुडालेल्या वनस्पतींमध्ये होते. गावात त्या सगळ्यांना शेवाळ म्हणतात, आणि पहिल्या नजरेला त्या दिसतातही सारख्याच. पांढऱ्या ट्रेमध्ये थोडं पाणी घ्या, एक फांदी मोकळी सोडा आणि दहापट भिंगातून पान खोडाला कसं जोडलंय ते पाहा.

हायड्रिलात एका पेऱ्यावर तीन ते आठ पानांचं वर्तुळ असतं आणि पानाच्या कडेला दाते. बोटांतून ओढली की खरखर लागते. सेराटोफायलममध्येही पानांची वर्तुळं असतात, पण प्रत्येक पान एकदा-दोनदा दुभंगत गेलेलं, आणि या वनस्पतीला मुळंच नसतात. नाजासच्या पानाचा तळ खोडाला म्यानासारखा वेढतो. पोटॅमोजेटॉनची पानं बहुधा एकाआड एक असतात आणि सोबत उपपर्णांची (पानाच्या तळाशी येणाऱ्या छोट्या पानांसारख्या भागांची) पातळ नळी दिसते. त्यातल्या क्रिस्पस जातीच्या पानांच्या कडा लाटांसारख्या मुरडलेल्या. युट्रिक्युलॅरिया असेल तर बारीक पिशव्या दिसल्याच पाहिजेत. त्या कीटक आणि सूक्ष्म जीव पकडायचे सापळे आहेत. कासला ‘सीतेची आसवं’ म्हणतात ती याच वंशातली, फक्त ती बुडालेली नसते, ओल्या कातळावर वाढते. आणि फांद्या सेराटोफायलमसारख्या पण बोटांत चुरचुरीत मोडणाऱ्या, लसणासारख्या उग्र वासाच्या असतील तर तुमच्या हातात सपुष्प वनस्पती नाहीच, ते कारा नावाचं शैवाल आहे. जुन्या कपाटांत सेराटोफायलमच्या फोल्डरमध्ये कारा सापडला तर आश्चर्य मानू नका.

फितीसारख्या पानांच्या वनस्पतींचं काम फुला-फळांशिवाय होत नाही. व्हॅलिस्नेरियात मादीफूल लांब, गुंडाळत जाणाऱ्या देठावर पृष्ठभागाशी येतं आणि सूक्ष्म नरफुलं सुटून पाण्यावर तरंगत त्याच्यापाशी पोचतात. ब्लिक्साची पानंही फितीच, पण तिची जात ठरवायला पिकलेली बी लागते: बीवर काटे आहेत का, टोकांना शेपट्या आहेत का. फळ नसलेल्या ब्लिक्सावर जातीचं नाव लिहिलेलं दिसलं की मी ते नाव पेन्सिलीतलं समजतो.

तरंगणाऱ्या बारीक हिरव्या कणांमध्ये मुळं मोजा. मूळ नाही तर वोल्फिया, म्हणजे जगातल्या सगळ्यात लहान सपुष्प वनस्पतींचा वंश. प्रत्येक कणाला एक मूळ तर लेम्ना. झुबका असेल आणि खालची बाजू जांभळट असेल तर स्पायरोडेला. इतकी सोपी वाटणी पाणवनस्पतींत फार थोड्या ठिकाणी मिळते. साल्विनियाच्या पानावरचे केस भिंगाखाली पाहा. ते टोकाशी परत एकत्र जुळले असतील तर ती बाहेरून आलेली, तळी झाकून टाकणारी मोलेस्टा.

कमळ आणि कुमुदिनी यांच्यात गोंधळ होणं स्वाभाविक आहे, कारण बाजारात दोन्ही कमळ म्हणूनच विकतात. कमळाचं पान बहुधा पाण्याच्या वर उभं, अखंड गोल, देठ मधोमध जोडलेलं. कुमुदिनीचं पान तरंगतं आणि देठापर्यंत त्याला चीर असते. निंफिया नौचाली दिवसा उमलते. निंफिया प्युबेसन्स सूर्य मावळल्यावर उमलते आणि सकाळ चढली की मिटते, तिच्या पानांच्या कडा दातेरी आणि खालची बाजू लवदार. दुपारी गेलात तर प्युबेसन्सची मिटलेली फुलंच मिळतील, म्हणून वहीत वेळ लिहा. छोटी हृदयाकृती पानं आणि झालरीच्या पाकळ्यांची पांढरी फुलं असतील तर ती निंफॉइडिस. नावात साम्य आहे, नातं दूरचं.

लिम्नोफिलाच्या काही जातींत बुडालेली पानं धाग्यांसारखी चिरलेली आणि पाण्याबाहेरची पानं अखंड असतात. एकाच खोडावर. फक्त शेंडा तोडून आणला तर ती वेगळी वनस्पती वाटेल, फक्त खालचा भाग आणला तर तिसरीच. लुडविजिया ॲडसेन्डेन्सच्या पेऱ्यांवर पांढरी स्पंजासारखी मुळं असतात, पण तीच वनस्पती चिखलावर वाढली की ही मुळं दिसेनाशी होतात. म्हणून नेहमी मुळापासून शेंड्यापर्यंत पूर्ण वनस्पती घ्या, आणि शक्य असेल तर पाण्यातली एक आणि काठावरची एक.

पुस्तकांच्या बाबतीत: थिओडोर कुक यांनी १९०१ ते १९०८ मध्ये पूर्ण केलेली मुंबई इलाख्याची फ्लोरा, म्हणजे तिथल्या सगळ्या वनस्पतींची वर्णनं देणारा ग्रंथ, आजही चाव्यांसाठी (लक्षणांवरून एकेक पायरीनं नाव ठरवण्याच्या तक्त्यांसाठी) उघडावी लागते, पण तिच्यातली नावं जुनी आहेत. भारतीय वनस्पती सर्वेक्षणाचे महाराष्ट्राच्या फ्लोराचे खंड (१९९६ ते २००१) हाताशी ठेवा, आणि ख्रिस्तोफर कुक यांचं भारतातल्या पाणवनस्पतींवरचं १९९६ चं पुस्तक मिळालं तर उत्तम. दोघे कुक वेगळे, टिपणात पूर्ण नाव लिहा.

तिसरी पायरी: वनस्पती कागदावर पाण्यातच घ्या

या पायरीवर घाई करणाऱ्यांच्या शीटा पाच वर्षांत कपाटातून बाहेर टाकाव्या लागतात.

बुडालेली वनस्पती पाण्याबाहेर काढली की ओल्या केसांसारखी चिकटून एक दोरी होते. ती हातानं कागदावर पसरवता येत नाही. तिला प्लास्टिकच्या पिशवीत थोडं पाणी घालून आणा. मग सपाट तळाच्या मोठ्या ट्रेमध्ये दोन-तीन बोटं पाणी घ्या, त्यात जाड, आम्लमुक्त कागद बुडवा, आणि कागदाच्या वर पाण्यातच वनस्पती सोडा. ती आपोआप मोकळी होते. मऊ ब्रशनं फांद्या सारख्या करा, एक-दोन फांद्या काढून पानांची वर्तुळं दिसतील अशी जागा ठेवा. मग कागद एका कडेनं, तिरका करत, हळूहळू उचला म्हणजे पाणी निथळतं आणि वनस्पती आहे तशी कागदावर बसते. बहुतेक वेळा ती स्वतःच्या चिकटपणानं त्याच कागदाला कायमची चिकटते. तिला पुन्हा सोडवायचा प्रयत्न करू नका, तो कागद तसाच मोठ्या शीटवर लावा.

वरून मलमलीचा तुकडा किंवा मेणकागद ठेवा, नाहीतर वनस्पती टीपकागदाला चिकटेल. मग टीपकागद, वर्तमानपत्र, फळी, वजन. पहिले तीन-चार दिवस टीपकागद रोज बदला, पहिल्या दिवशी दोनदा. पावसाळ्यात उन्हाची वाट बघू नका. बल्ब लावलेली पेटी किंवा गरम हवेचा ड्रायर साधारण ४० ते ४५ अंशांवर चालतो. त्याहून तापवलं तर पानं ठिसूळ होतात.

कुमुदिनी आणि कमळ ही उलट अडचण. देठ आणि कंद इतके जाड की आत बुरशी धरते. कंद उभा चिरा, देठ लांबीनं अर्धा करा, फुलाचा एक उभा काप वेगळा वाळवा. पान मोठं असेल तर अर्धं घेतलं तरी चालतं, पण देठ जिथं जोडला जातो तो भाग घेतलाच पाहिजे. फुलं आणि फळं सत्तर टक्के अल्कोहोलमध्ये छोट्या बाटलीत ठेवा आणि बाटलीवर शीटचाच नंबर पेन्सिलीनं लिहिलेली चिठ्ठी आत घाला. शाई अल्कोहोलमध्ये विरघळते. फॉर्मॅलिन नव्यानं शिकणाऱ्यांनी वापरू नये, घातक आहे आणि बहुतेक वेळा गरजही नसते.

शीटचा आकार आपल्याकडे साधारण ४२ बाय २८ सेंटिमीटर. लेबल खाली उजव्या कोपऱ्यात. सुटलेल्या बिया-फळांसाठी शीटवरच एक कागदी पाकीट चिकटवा.

चौथी पायरी: लेबल

लेबलावर काय हवं ते सगळ्यांना ठाऊक असतं: नाव, कुळ, ठिकाण, तारीख, गोळा करणारा, त्याचा क्रमांक. यातला क्रमांक सगळ्यात दुर्लक्षित. प्रत्येक संग्राहकाचा स्वतःचा एकच सलग क्रमांक असावा, दरवर्षी एकपासून सुरू होणारा नाही. तुमच्या एका नमुन्याच्या तीन प्रती तीन हर्बेरियममध्ये गेल्या तर पुढे त्यांना जोडणारा धागा तोच असतो.

ठिकाण लिहिताना वाटसरूला सापडेल असं लिहा: गाव, तालुका, जिल्हा, कोणत्या तळ्याचा कोणता काठ, आणि मोबाइलवरून घेतलेले अक्षांश-रेखांश. तारखेत महिना अक्षरात लिहा. मग पाण्याबद्दलचं सगळं: खोली, तळ, प्रवाह, फुलाचा रंग, उमलण्याची वेळ, वास. इथं कंजुषी नको. लेबल मोठं झालं तर होऊ द्या.

स्थानिक नाव ऐकलं तसंच लिहा, आणि कोणत्या जिल्ह्यात, कोणाकडून ते जोडा (‘मच्छीमार’, ‘शेतकरी बाई’, एवढं पुरे). भंडारा-गोंदियाच्या मामा तलावांवर, म्हणजे जुन्या मालगुजारी तलावांवर, ढीवर मच्छीमारांना कोणत्या वनस्पतीखाली कोणते मासे अंडी घालतात ते ठाऊक असतं. असं वाक्य लेबलावर आलं तर त्या शीटची किंमत दुप्पट होते.

नावं बदलतात, कपाट बदलू नका

भारतातली बहुतेक हर्बेरियम बेंथॅम आणि हूकर यांच्या एकोणिसाव्या शतकातल्या वर्गीकरणानं लावलेली आहेत. आजचं वर्गीकरण डीएनएवर आधारलेलं आहे, एपीजी नावानं ओळखलं जातं, आणि त्याची चौथी आवृत्ती २०१६ ची आहे. या दोघांत पाणवनस्पतींची सगळ्यात जास्त उलथापालथ झाली, कारण पाण्यात राहून दूरच्या नात्यातल्या वनस्पती सारख्या दिसू लागल्या होत्या.

कमळ आणि कुमुदिनी जुन्या व्यवस्थेत एकाच कुळात. आता कुमुदिनी सपुष्प वनस्पतींच्या अगदी सुरुवातीच्या शाखांपैकी एकीवर, आणि कमळ प्रोटिएलीस गणात, चिनार वृक्षाच्या नात्यात. लेम्नाचं वेगळं कुळ होतं, ती आता अळूच्या कुळात. शिंगाडा मेंदीच्या कुळात. नाजास हायड्रिलाच्या कुळात. ब्राह्मी, लिम्नोफिला, डोपॅट्रियम स्क्रोफुलॅरिएसीतून इसबगोलाच्या कुळात. आणि जलपर्णीचं आयकॉर्निया हे सगळ्यांच्या तोंडी असलेलं नाव मागे पडून ती आता पाँटेडेरिया क्रॅसिपीस म्हणून लिहिली जाते.

म्हणून शीट हलवू नका, जुनं लेबल काढू नका, खोडू नका. नवं नाव वेगळ्या निश्चिती-चिठ्ठीवर, तुमचं नाव आणि तारीख घालून, जुन्या लेबलाजवळ चिकटवा. सध्याचं मान्य नाव लंडनच्या क्यू वनस्पतिउद्यानाच्या ‘प्लँट्स ऑफ द वर्ल्ड ऑनलाइन’ या संकेतस्थळावर तपासा. डेटाबेसमध्ये दोन रकाने ठेवा: लेबलावर असलेलं नाव, आणि आजचं मान्य नाव. पहिला रकाना कोणीही, कधीही बदलायचा नाही.

जुनं कपाट उघडताना

जुन्या शीटांवर किडीपासून बचाव म्हणून मर्क्युरिक क्लोराइड लावण्याची पद्धत होती. पारा जात नाही, तो आजही कागदावर आणि फोल्डरांत आहे. नायट्राइलचे हातमोजे, मास्क, उघड्या खिडक्या. तिथं चहा-बिस्किटं नाहीत, आणि पान उलटायला बोट जिभेला लावायचं नाही. हे वाक्य कपाटावर लिहून ठेवा.

कीड दिसली तर शीट प्लास्टिकमध्ये घट्ट बांधून डीप फ्रीझरमध्ये उणे वीस अंशांखाली आठवडाभर ठेवा. बाहेर काढल्यावर पिशवी खोलीच्या तापमानाला येईपर्यंत उघडू नका, नाहीतर शीटवर पाणी धरतं. लाल फोल्डर किंवा ‘टाइप’ असा शिक्का दिसला तर थांबा आणि वरिष्ठांना बोलवा. जातीचं नाव ज्या नमुन्यावर आधारलेलं असतं तो नमुना शिकण्यासाठी नसतो.

मग प्रत्येक शीटला बारकोड. हर्बेरियमचं आंतरराष्ट्रीय संक्षिप्त नाव असेल (पुण्यातल्या भारतीय वनस्पती सर्वेक्षणाच्या पश्चिम विभागाचं, आघारकर संशोधन संस्थेचं, मुंबईच्या सेंट झेवियर्समधल्या १९०६ पासूनच्या ब्लॅटर हर्बेरियमचं, कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठाचं अशी स्वतंत्र नावं आहेत) तर बारकोड त्यानं सुरू करा. कॉलेजला तसं नाव नसेल तर इंडेक्स हर्बेरियोरम या जागतिक सूचीत नोंदणीसाठी अर्ज करा. तोवर तात्पुरतं नाव घ्या, पण त्या सूचीत दुसऱ्या कोणाचं नसलेलं.

फोटो

साधा ऑफिसचा स्कॅनर वापरू नका. त्यात शीट पालथी घालावी लागते, आणि पालथी घातलेल्या नाजासची फळं काचेवर राहतात. मोठ्या प्रकल्पांनी यासाठी स्कॅनरच उलटा टांगून शीट खालून वर नेण्याची यंत्रं केली. कॉलेजसाठी कॉपी-स्टँडवर उभा खाली बघणारा कॅमेरा, दोन्ही बाजूंनी पंचेचाळीस अंशांवर दोन एलईडी, आणि मॅक्रो लेन्स पुरते. रंग बरोबर दाखवणारे दिवे घ्या, सीआरआय (दिव्याखाली रंग किती खरे दिसतात त्याचा आकडा) नव्वदच्या वर. फ्लॅश नको, चिकटपट्ट्या चमकतात.

टाइप नमुन्यांसाठी दर इंचाला ६०० पिक्सेल हा मान्य दर्जा आहे. बाकीच्यांसाठी ३०० च्या आसपास चालतं. चोवीस मेगापिक्सेल कॅमेऱ्यात ४२ सेंटिमीटरची शीट, कडेला पट्टी आणि रंगपट्टी धरून, जवळपास तेवढंच देते. पण वोल्फिया, लेम्ना, बिया यांचा एक जवळून फोटो वेगळा घ्या, कारण पूर्ण शीटच्या फोटोत त्या ठिपका दिसतात. जागेचं गणितही आधी करा: ६०० पिक्सेलला एक असंकुचित टिफ फाइल साधारण २०० एमबी, म्हणजे पाच हजार शीटांना एक टीबी. ३०० ला त्याचा चौथा हिस्सा.

प्रत्येक फोटोत सेंटिमीटरची पट्टी, रंगपट्टी, बारकोड आणि पूर्ण लेबल असलंच पाहिजे. पाकीट उघडून त्याचा दुसरा फोटो. फाइलचं नाव म्हणजे बारकोड, त्यात वनस्पतीचं नाव घालू नका, नाव उद्या बदलेल. मूळ टिफ एका जागी, तिची प्रत दुसऱ्या इमारतीत, आणि बघायला जेपेग.

खरं काम: लेबल टाइप करणं

फोटो काढून झाले की बरेच जण काम संपलं असं समजतात. लेबल टाइप केलेलं नसेल तर ती फक्त सुंदर चित्रं आहेत, त्यातून कोणी कधी काही शोधू शकणार नाही.

लेबल फोटोवरून टाइप करा म्हणजे शीट पुन्हा हाताळावी लागत नाही. रकान्यांसाठी डार्विन कोअर ही जगभर वापरली जाणारी प्रमाण मांडणी घ्या. जीबीआयएफ या जैवविविधतेच्या नोंदींच्या जागतिक जाळ्यावर माहिती द्यायची झाली तर पुढे पुन्हा मांडणी करावी लागणार नाही. आणि दर महत्त्वाच्या गोष्टीला दोन रकाने: लिहिलंय तसं, आणि तुम्ही लावलेला अर्थ.

समजा, जुन्या लेबलावर एवढंच आहे: ‘पळसदेव, भीमा, १२-१०-५६’. पहिल्या रकान्यात हेच, जसंच्या तसं. आता अर्थ. बारा ऑक्टोबर की दहा डिसेंबर? त्याच संग्राहकाच्या आधीच्या-नंतरच्या क्रमांकांच्या शीटा काढा, तारखा सरळ लागतील. जुने वनस्पतिशास्त्रज्ञ महिना बऱ्याचदा रोमन आकड्यांत लिहायचे, तो महिनाच असतो. वर्ष १९५६ हे कागद आणि हस्ताक्षरावरून ठरवा, आणि अंदाज असेल तर ‘अंदाज’ असं लिहा.

मग जागा. नकाशात पळसदेव शोधलं तर महामार्गाजवळचं गाव मिळेल. पण १९८० मध्ये उजनी धरण पूर्ण झालं आणि जुनं पळसदेव पाण्याखाली गेलं. पाणी उतरलं की तिथलं देऊळ वर येतं. १९५६ चा नमुना भीमेच्या जुन्या पात्राजवळचा असणार, म्हणजे आज फुगवट्यात असलेल्या जागेचा. पाणवनस्पतींच्या बाबतीत हा फरक किरकोळ नाही, कारण नदीच्या वाहत्या पात्रातली वनस्पती आणि धरणाच्या साचलेल्या पाण्यातली वनस्पती यांचे अर्थ वेगळे. सर्व्हे ऑफ इंडियाचे जुने टोपोशीट (तपशीलवार नकाशे) घ्या, जुन्या गावाचा बिंदू धरा, आणि अनिश्चिततेच्या रकान्यात दोन-तीन किलोमीटर लिहा. मोठी त्रिज्या लिहायला लाजू नका. अचूक दिसणारा पण चुकीचा बिंदू पुढे कोणालाच पकडता येत नाही.

जिल्ह्यांचंही असंच. सिंधुदुर्ग १९८१ मध्ये रत्नागिरीतून वेगळा झाला, गोंदिया १९९९ मध्ये भंडाऱ्यातून, पालघर २०१४ मध्ये ठाण्यातून. ‘रत्नागिरी जिल्हा, सावंतवाडी’ हे लेबल चुकीचं नाही, त्या दिवशी ते बरोबर होतं. लेबलाचा रकाना तसाच ठेवा, आजचा जिल्हा वेगळा.

एक्सेल वापरत असाल तर दोन गोष्टी लक्षात ठेवा. १९०० पूर्वीची तारीख एक्सेल तारीख मानतच नाही, आणि बारकोडच्या सुरुवातीची शून्यं ते गुपचूप खाऊन टाकतं. दिवस, महिना, वर्ष यांचे तीन वेगळे रकाने करा आणि सगळे रकाने ‘टेक्स्ट’ करून ठेवा. दर शंभर नोंदींतल्या दहा दुसऱ्या माणसानं फोटोशी ताडून पाहाव्या.

बाहेर काय द्यायचं, काय नाही

माहिती उघडी करावी याबद्दल दुमत नसावं. भारतीय वनस्पती सर्वेक्षणानंही आपल्या शीटा आभासी हर्बेरियमवर घातल्या आहेत. पण काही जागा लपवाव्या लागतात. साताऱ्याच्या सड्यांवरचा वायतुरा, ॲपोनोजेटॉन सातारेन्सिस, थोड्याच ठिकाणी आढळतो आणि त्याची जागा उघड करणं म्हणजे गर्दीला बोलावणं. मत्स्यालयांच्या व्यापारात मागणी असलेल्या क्रिप्टोकोरिन या पाणवनस्पतीचंही तेच. अशा जातींचे अक्षांश-रेखांश बाहेर देताना एका दशांश स्थळापर्यंत तोडा, म्हणजे साधारण अकरा किलोमीटरचा चौकोन होतो, आणि ‘जाणूनबुजून ढोबळ केलं आहे’ अशी नोंद सोबत ठेवा. पूर्ण आकडे आतल्या प्रतीत.

सुरुवात कुठून करायची असं कोणी विचारलं तर मी हायड्रोकॅरिटेसी कुळाचं फोल्डर सांगेन. हायड्रिला, व्हॅलिस्नेरिया, ओटेलिया, ब्लिक्सा आणि आता नाजासही तिथं. शीटा थोड्या, पण बदललेली नावं, फळांशिवाय केलेल्या निश्चित्या, चुकून घुसलेला कारा आणि पाण्याखाली गेलेली गावं असं जवळपास सगळं त्या एका फोल्डरमध्ये भेटतं. ते पूर्ण झाल्याशिवाय दुसरं कुळ काढू नका.